परसातील कोंबड्यांचे खुराडे पावसाळा धरून आखा : मावळ भागासाठी २० पक्ष्यांचा आराखडा

परसातील कुक्कुटपालन कमी भांडवलात सुरू होते. घरच्यांना अंडी मिळतात, चार पैसे हातात येतात आणि स्वयंपाकघरातील उरलेसुरले वाया जात नाही. म्हणून मावळात अनेक घरी दहा-वीस पक्षी आणले जातात. पण पहिल्याच पावसाळ्यात त्यातले निम्मे दगावले आणि उरलेले मुंगसाने नेले, असेही बऱ्याच ठिकाणी घडते. दोष जातीला किंवा खाद्याला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा खुराड्यात असते. जमिनीतून चढणारी ओल, पश्चिमेकडून येणारी झड, कोंडलेली हवा आणि रात्री उघडी राहिलेली एखादी फट या चार गोष्टी पक्षी मारतात.

बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा लोहमार्गावर देहूरोड आणि घोरावाडी या स्थानकांच्या मधले ठिकाण. येथील परसाचा नमुना धरून १८ माद्या आणि २ नर अशा २० पक्ष्यांच्या खुराड्याचा व आवाराचा आराखडा या लेखात दिला आहे. मापे थोडी बदलून तो आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातही वापरता येईल.

मावळातील हवामान आणि खुराडे

पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर लोणावळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास. बेगडेवाडी या दोन्हींच्या मध्ये, पण पुण्याच्या बाजूला येते. जसजसे पश्चिमेला सरकावे तसतसा पाऊस वाढत जातो. त्यामुळे देशावरच्या कोरड्या भागातील खुराड्याचा नकाशा इथे जसाच्या तसा चालत नाही.

कोरड्या भागात पक्षी दिवसभर बाहेर फिरतात आणि खुराडे फक्त रात्रीच्या मुक्कामापुरते लागते. तिथे पक्ष्यामागे एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. मावळात जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ-दहा दिवस झड लागली की पक्षी दिवसरात्र छपराखालीच राहतात. त्या दिवसांचा हिशोब धरून जागा ठेवली नाही, तर गर्दी होते, गादी ओली होते, पक्षी एकमेकांना टोचतात आणि आजार पसरतो. म्हणून जानेवारीत जागा पाहायला गेलात तरी तिथला जुलै डोळ्यांसमोर आणावा.

जागेची निवड

- परसातील सर्वांत उंच आणि मुरमाड जागा निवडावी. भातखाचराच्या कडेची किंवा पावसात पाझर फुटणारी जागा टाळावी.
- डोंगराच्या पायथ्याला घर असल्यास पावसाळ्यातील ओघळ कुठून वाहतात ते आधी पाहावे. ओघळाच्या वाटेत खुराडे नको. दुसरा पर्याय नसेल, तर वरच्या अंगाला आडवा चर काढून पाणी बाजूला वळवावे.
- घरापासून अंतर असे ठेवावे की वास घरात येणार नाही, पण रात्री कोंबड्यांचा कलकलाट झाला तर ऐकू येईल. साधारण ३० ते ४० फूट अंतर सोयीचे असते.
- विहीर, कूपनलिका आणि पिण्याच्या पाण्याची टाकी यांच्या वरच्या अंगाला खुराडे किंवा खताचा खड्डा करू नये.
- वस्ती दाट असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे. बेगडेवाडीच्या शेजारीच देहूरोड छावणी परिषदेची हद्द आहे. आपली मिळकत ग्रामपंचायतीत येते की छावणीत, हे पाहून पक्के बांधकाम करण्यापूर्वी संबंधित कार्यालयात विचारणा करावी.

फक्त खाण्यासाठी अंडी हवी असतील तर नराची गरज नाही. नराशिवायही माद्या अंडी देतात. पिल्ले काढायची असतील तर ८ ते १० माद्यांमागे एक नर पुरतो. दाट वस्तीत पहाटेच्या आरवण्यावरून तक्रारी होत असतील तर नर न ठेवणे सोपे पडते.

एकूण मांडणी : तीन भाग

आराखड्याचे पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन भाग आहेत.

१. खुराडे : १० फूट लांब, ६ फूट रुंद, म्हणजे ६० चौरस फूट. पक्ष्यामागे ३ चौरस फूट.
२. पडवी : खुराड्याला लागून पूर्वेला, त्याच छपराखाली १० बाय ६ फूट. वर छप्पर, बाजूंना जाळी.
३. मोकळे आवार : पडवीच्या पूर्वेला, उत्तर-दक्षिण २० फूट आणि पूर्व-पश्चिम १० फूट, म्हणजे २०० चौरस फूट. पक्ष्यामागे १० चौरस फूट.

खुराडे आणि पडवी मिळून छपराखाली १२० चौरस फूट जागा होते. झडीच्या दिवसांत प्रत्येक पक्ष्याला ६ चौरस फूट कोरडी जागा मिळते. या आराखड्यात पडवीला सर्वांत जास्त महत्त्व आहे. खर्च वाचवायचा म्हणून अनेकजण आधी पडवीच गाळतात आणि पावसाळ्यात त्याची किंमत मोजतात. पैसे कमी असतील तर पक्ष्यांची संख्या १० वर आणावी, पण पडवी ठेवावी.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंतून थेट आत शिरत नाही आणि उत्तर-दक्षिण बाजूंनी हवा खेळती राहते. पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येतो. त्याच्या तोंडाशी शेडची ६ फुटी अरुंद, बंद भिंत येते. मोकळे आवार पूर्वेला असल्याने त्याला शेडचा थोडा आडोसा मिळतो, सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर सावली पडते.

जोते

जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच घ्यावे. कडेने दगडी किंवा विटांचे बांधकाम, आत मुरूम भरून चोपणी आणि वर ३ इंच काँक्रीट करावे. उंदीर-घुशी जमिनीतून पोखरून वर येतात, त्यांना काँक्रीट अडवते. फरशीला दाराच्या बाजूने हलका उतार द्यावा, म्हणजे धुतलेले पाणी साचत नाही.

काँक्रीट परवडत नसेल तर मुरमाच्या चोपणीखाली अर्धा इंची वेल्ड जाळी अंथरावी. शेणसारवणाची जमीन उन्हाळ्यात चांगली असते, पण मावळच्या पावसाळ्यात ती ओल धरते.

लोणावळ्याकडील जास्त पावसाच्या गावांत जमिनीपासून अडीच-तीन फूट उंचीवर खांबांवर उभे केलेले, फळ्यांच्या किंवा बांबूच्या तळाचे खुराडे अधिक चांगले. त्यात विष्ठा फटीतून खाली पडते आणि हवा खालूनही खेळते. पट्ट्यांमधील फट पाऊण ते एक इंच ठेवावी. मुंगूस वर येऊ नये म्हणून तळाला खालून अर्धा इंची जाळी मारावी आणि साठलेली विष्ठा जाळीवरून नियमित खरवडावी.

छप्पर आणि पाण्याचा निचरा

एकपाखी छप्पर पुरेसे आहे. उत्तरेकडील उंची ८ फूट आणि दक्षिणेकडील साडेसहा फूट ठेवावी. दक्षिणेला अडीच फूट, उत्तरेला दीड फूट, पश्चिमेला दोन फूट आणि पूर्वेला एक फूट वळचण बाहेर काढावी. रुंदी सहा फूट अधिक दोन्हीकडची वळचण मिळून दहा फूट होते, म्हणजे दहा फुटी पत्रा न कापता बसतो आणि आडवा जोड येत नाही. पत्रा जोडावर गळतो, म्हणून हे महत्त्वाचे.

वळचणीसह हे छप्पर सुमारे २३० चौरस फूट होते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावरून सुमारे २,१०० लिटर पाणी खाली येते. ते जोत्याच्या बुडाशी पडू दिले तर भिंत ओलावते आणि आवारात चिखल होतो. म्हणून दक्षिणेच्या कडेला पन्हाळ लावून पाणी पाइपने लांब न्यावे. पन्हाळ तुंबली किंवा भरून वाहिली तरी पाणी अडू नये, यासाठी वळचणीच्या धारेखाली एक फूट रुंद, एक फूट खोल चर खणून त्यात मोठी खडी भरावी.

छपराला वाऱ्याचा मार बसतो. हुक-बोल्ट आणि वॉशर वापरून पत्रे पक्के करावेत. पत्र्यावर दगड ठेवून भागवू नये. उन्हाळ्यात पत्रा तापतो, तेव्हा वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा भाताचा पेंढा अंथरून बांधावा. पावसाळ्याआधी पेंढा काढून टाकावा.

भिंती, जाळी आणि पडदे

खुराड्याच्या उत्तर आणि दक्षिण बाजूला खालून दीड फूट भिंत आणि त्यावर छपरापर्यंत जाळी असावी. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद ठेवावी. पूर्वेची बाजू पडवीकडे उघडते. तिथे माणसासाठी दार आणि पक्ष्यांसाठी एक फूट रुंद, सव्वा फूट उंच खिडकी ठेवावी.

दक्षिणेच्या जाळीला ताडपत्रीचा किंवा जाड पोत्यांचा पडदा लागतो. पडदा लावण्याची पद्धत नीट समजून घ्यावी. बरेचजण तो वरून खाली सोडतात. मग वरची बाजू बंद होते आणि खालून गार वारा थेट पक्ष्यांच्या अंगावर येतो. पडदा खाली पक्का करून दोरीने वर ओढता आला पाहिजे. पूर्ण ओढल्यावरही वर, वळचणीच्या आडोशाला, एक फूट जागा उघडी राहिली पाहिजे. उबदार, दमट आणि वास धरलेली हवा वर चढते आणि तिथून बाहेर जाते.

पाऊस आहे म्हणून खुराडे चहूबाजूंनी बंद करणे ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे. वाढलेला कोंबडा-कोंबडी मावळातील थंडी सहन करते, पण कोंडलेल्या हवेतील अमोनिया सहन करत नाही. तपासणीची साधी पद्धत अशी : पहाटे खुराड्यात जाऊन पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर दोन मिनिटे बसावे. डोळे चुरचुरले किंवा नाकात उग्र वास गेला तर हवा कमी पडते आहे. पक्षी रात्रभर तीच हवा घेतात. त्याने डोळे आणि श्वासनलिका दुखावतात आणि सर्दीचे आजार बळावतात.

आतील सोयी

*बसण्याच्या दांड्या :* पश्चिमेच्या भिंतीकडे ६ फुटांच्या तीन दांड्या लावाव्यात. एकूण १८ फूट लांबीत प्रत्येक पक्ष्याला सुमारे १० इंच जागा मिळते. दोन दांड्यांमध्ये सव्वा फूट अंतर ठेवावे. तिन्ही दांड्या एकाच उंचीवर असाव्यात, नाहीतर सगळ्यात वरची जागा मिळवण्यासाठी भांडणे होतात. गावरान व ग्रामप्रियासारख्या हलक्या पक्ष्यांसाठी २ फूट, तर वनराज व गिरिराजसारख्या वजनदार पक्ष्यांसाठी दीड फूट उंची पुरे. वजनदार पक्षी उंचावरून उडी मारतात तेव्हा तळपायाला जखम होऊन सूज येते. दांडी दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली आणि सहज काढून उन्हात ठेवता येईल अशी असावी.

*दांड्यांखालची फळी :* कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते, म्हणजे २० पक्ष्यांची महिन्याला सुमारे ६० किलो. त्यातील मोठा वाटा रात्री दांड्यांखाली पडतो. तिथे फळी किंवा जुना पत्रा ठेवून रोज सकाळी खरवडून खताच्या खड्ड्यात टाकल्यास गादीवरचा भार बराच कमी होतो. हे रोजचे पाच मिनिटांचे काम आहे.

*अंडी घालण्याची खोकी :* ४ ते ५ माद्यांमागे एक, म्हणजे १८ माद्यांना चार खोकी. माप १२ इंच रुंद, १२ इंच खोल, १४ इंच उंच. खोकी कमी उजेडाच्या कोपऱ्यात आणि दांड्यांपेक्षा खाली असावीत. ती उंच असली तर पक्षी रात्री त्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात. बाहेरून उघडणारे झाकण केल्यास आत न जाता अंडी गोळा करता येतात.

*खाद्य व पाणी :* प्रत्येक पक्ष्याला ४ इंच खाद्यजागा धरावी. दोन्ही बाजूंनी खाता येणारे साडेतीन फुटांचे एक पन्हाळे २० पक्ष्यांना पुरते. पाणी पक्ष्यामागे दिवसाला पाव लिटर, म्हणजे ५ लिटर लागते. कडक उन्हाळ्यात दुप्पट तयारी ठेवावी. पाण्याचे भांडे खुराड्यात न ठेवता पडवीत, विटांवर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवावे. गादी भिजण्याचे निम्मे कारण सांडलेले पाणी असते.

*राखेचे टोपले :* पक्षी धुळीत लोळून अंगावरील उवा, पिसवा झटकतात. पावसाळ्यात कोरडी माती मिळत नाही. पडवीच्या कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट खोक्यात चुलीची गार राख आणि चाळलेली माती भरून ठेवावी.

भाताच्या तुसाची गादी

मावळ हा भाताचा पट्टा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी भात इथे घरोघरी आहे. त्यामुळे भातगिरणीवर तूस सहज मिळते आणि खुराड्याच्या गादीसाठी ते उत्तम असते. सुरुवातीला ४ इंच थर द्यावा. ६० चौरस फुटांना २० घनफूट, म्हणजे साधारण ५५ ते ६० किलो तूस लागते. पावसाळ्यात तूस मिळणे अवघड होते आणि मिळाले तरी दमट असते. म्हणून मे महिन्यातच दुप्पट तूस पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावे.

गादीची ओल मुठीत पाहावी. मूठभर गादी घट्ट दाबून हात उघडावा.

- ताबडतोब भुरभुरून पडली आणि धूळ उडाली, तर गादी फार कोरडी आहे.
- किंचित आकार धरून मग सुटली, तर योग्य आहे.
- गोळा तसाच राहिला, तर गादी ओली आहे. तेवढा भाग काढून नवे तूस टाकावे.

गादी आठवड्यातून दोनदा, पावसाळ्यात एक दिवसाआड फावड्याने वरखाली करावी. ओल्या आणि उबदार गादीत रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात. कोरड्या गादीत ती तशी होऊ शकत नाहीत. म्हणजे गादी कोरडी ठेवणे हाच या रोगावरचा पहिला आणि स्वस्त उपाय आहे. औषधाची पाळी त्यानंतर येते.

मोकळे आवार

आवाराचे मधोमध कुंपण घालून उत्तर व दक्षिण असे दोन समान भाग करावेत. पडवीच्या ६ फुटी पूर्व बाजूचे तीन-तीन फूट प्रत्येक भागाला लागतात. तिथे दोन छोटी दारे ठेवावीत. पक्षी तीन-चार आठवडे एका भागात सोडावेत, तोवर दुसऱ्या भागाला विश्रांती, ऊन आणि नवे गवत मिळते. जंतांचा प्रादुर्भावही त्यामुळे कमी राहतो.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. पक्ष्यामागे १० चौरस फूट जागेत गवत कायम टिकत नाही. पक्षी ते खरडून काढतातच. हे आवार सुरक्षित फिरण्यासाठी आहे, चरून पोट भरण्यासाठी नाही. पक्ष्यांनी किडे, गवत, सांडलेले धान्य खाऊन खाद्याचा खर्च कमी करावा असे वाटत असेल, तर संध्याकाळी दोन तास कोणीतरी लक्ष ठेवून त्यांना परसात सोडावे. अंधार पडायच्या सुमारास ती आपोआप परततात.

पावसाळ्यातील चिखलासाठी पडवीच्या दारांसमोर तीन फूट पट्ट्यात सपाट दगड बसवावेत. बाकी आवारात पालापाचोळा आणि पेंढा टाकत राहावा. कुजलेला थर पावसाळ्यानंतर काढून खतात घालावा. आवाराच्या बाहेर दक्षिण व पश्चिम अंगाला शेवगा, हादगा किंवा तुती लावावी. सावली मिळते आणि शेवगा-हादग्याचा पाला खाद्यालाही उपयोगी पडतो. फांद्या छपरावर येऊ देऊ नयेत. त्यांवरून मांजर आणि उंदीर उतरतात.

शत्रूंपासून बंदोबस्त

मावळात प्रत्येक शत्रूची वाट वेगळी आहे, म्हणून बंदोबस्तही वेगळा करावा लागतो.

- मुंगूस : खालच्या फटीतून शिरते आणि एकाच वेळी अनेक पक्षी मारते. खालचे दोन फूट अर्धा इंची वेल्ड जाळी लावावी. अंगठा जाईल एवढी फट राहिली तरी ती बुजवावी.
- कुत्री : साधी षटकोनी कोंबडीजाळी दातांनी फाडतात, कुंपणाखाली उकरतात. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला दीड फूट रुंद जाळी जमिनीलगत आडवी अंथरून वर माती व दगड टाकावेत. उकरायला आलेल्या कुत्र्याला जाळी लागते आणि ते मागे फिरते.
- रानमांजर, बोका : वरून येतात. कुंपण ६ फूट उंच आणि वर जाळी आवश्यक.
- घार, शिकरा : दिवसा पिल्ले व तलंगा उचलतात. आवारावर नायलॉनची किंवा जुनी मासेमारीची जाळी ताणून बांधावी.
- साप, घुशी : अंडी, पिल्ले आणि खाद्यासाठी येतात. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. खुराड्याजवळ लाकडे, विटा, पेंढ्याचे ढीग नकोत.
- बिबट्या : डोंगरालगतच्या वाड्यांत त्याचा वावर असतो. रात्री पक्षी पडवीत न ठेवता खुराड्यात बंद करावेत, परिसरात दिवा असावा आणि मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत.

सर्वांत भक्कम जाळीही संध्याकाळी दार उघडे राहिले तर कामाची नाही. दिवेलागणीला पक्षी मोजून दार लावण्याची जबाबदारी घरातील एका व्यक्तीवर नक्की करावी. दाराला दोन कड्या असाव्यात.

आजाराची वाट आराखड्यातच अडवा

- नवीन पक्ष्यांसाठी मुख्य खुराड्यापासून किमान २० फुटांवर ३ बाय ३ फुटांचा वेगळा पिंजरा ठेवावा. बाजारातून आणलेले पक्षी दोन-तीन आठवडे तिथेच ठेवावेत. आजारी पक्ष्यासाठीही तोच उपयोगी पडतो, मात्र वापरानंतर धुऊन, चुना लावून उन्हात वाळवावा.
- खुराड्यात जाताना वापरायची चप्पल वेगळी ठेवावी. दुसऱ्या पोल्ट्रीवर कामाला जाणाऱ्यांनी घरी आल्यावर कपडे बदलूनच पक्ष्यांकडे जावे.
- मानमोडी, गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात. लसीच्या बाटलीत मात्रा जास्त असतात. शेजारच्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवला तर लस वाया जात नाही.
- एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर उरलेले घाईने विकू नयेत आणि मेलेले नाल्यात टाकू नयेत. लगेच दवाखान्याला कळवावे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला नोंदला गेला. त्या वेळी परसातील पक्षीही नष्ट करावे लागले होते. रोगनिदानाची सोय औंध, पुणे येथील पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण विभागात आहे.
- खात्रीशीर पक्षी घेण्यासाठी खडकी येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करावी.

जात आणि खुराडे यांचा मेळ

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, चपळ असते, उडून शत्रूपासून सुटते आणि स्वतः अंडी उबवते. तिच्यासाठी आवारावरची जाळी टाळता येत नाही, नाहीतर ती कुंपणावरून उडून जाते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली ग्रामप्रिया अंड्यांसाठी आहे. परसात ती साधारण १६० ते १८० अंडी देते. त्याच संस्थेची वनराज अंडी व मांस दोन्हींसाठी आहे, पण वजनामुळे पळण्यात मंद पडते. तिला शत्रूंपासूनचा बंदोबस्त अधिक लागतो. सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत. पुढची पिल्ले घरीच काढायची असतील तर दोन-तीन गावरान माद्या सोबत ठेवाव्यात.

कामाचे वेळापत्रक

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांनी पावसाच्या तोंडावर पिल्ले आणू नयेत. लहान पिल्ले आणि पहिली झड एकाच वेळी आली की नुकसान ठरलेले असते. पुढील क्रम सोयीचा ठरतो.

- मार्च-एप्रिल : जागा ठरवणे, चर काढणे, जोते बांधणे.
- मे : छप्पर, भिंती, जाळी पूर्ण करणे. तूस साठवणे.
- जून ते ऑगस्ट : रिकाम्या शेडची परीक्षा. मोठा पाऊस झाला की आत जाऊन पाहावे. पाणी कुठे गळते, झड किती आत येते, जोत्याजवळ कुठे साचते, तिथे खडूने खूण करून दुरुस्ती करावी. पक्षी आत असताना हीच दुरुस्ती अवघड जाते.
- सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर : लसीकरण झालेले चार आठवड्यांचे पक्षी आणणे. या वयात कृत्रिम उबेची गरज जवळपास संपलेली असते. थंड रात्री काही दिवस एक दिवा पुरतो. पहिला आठवडा त्यांना खुराड्यातच ठेवावे, म्हणजे ते मुक्काम ओळखतात.
- फेब्रुवारी-मार्च : बहुतेक माद्या अंड्यावर येतात. जादा नर गावच्या जत्रांच्या हंगामात विकता येतात.
- पुढचा जून : पक्षी पूर्ण वाढलेले, खुराडे तपासलेले. दोघेही पावसाला तयार.

खर्च कुठे आधी करावा

पैसे टप्प्याटप्प्याने लागणार असतील तर क्रम असा ठेवावा : पहिले जोते आणि निचरा, दुसरे छप्पर, तिसरी खालच्या दोन फुटांची मजबूत जाळी, चौथी पडवी. भिंतींसाठी बांबूचा कूड, जुने पत्रे, फळ्या चालतात. आवाराचे खांब बांबूचे चालतात, पण जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावावे. खोकी जुन्या फळभाजीच्या क्रेटची करता येतात. स्वस्त भिंत पुढच्या वर्षी बदलता येते. बुटके जोते मात्र नंतर उंच करता येत नाही.

काढलेली गादी आणि विष्ठा ताजी असताना पिकाला घालू नये, मुळे करपतात. शेण, पालापाचोळा मिसळून तीन-चार महिने कुजवावी. असे खत परसातील भाजीला, शेवग्याला आणि पुढच्या हंगामात भाताच्या रोपवाटिकेला उपयोगी पडते.

बांधकाम सुरू करण्यापूर्वी तपासा

- जोते जमिनीपेक्षा दीड फूट उंच आहे का?
- पश्चिम बाजू बंद आणि दक्षिणेची वळचण अडीच फूट आहे का?
- पडदे ओढल्यावर वर एक फूट हवा जायला जागा राहते का?
- सगळे पक्षी आठ दिवस बाहेर न जाता छपराखाली राहू शकतील का?
- खालच्या जाळीत अंगठा जाईल अशी फट नाही ना?
- छपराचे पाणी नक्की कुठे जाणार आहे?
- रोज दिवेलागणीला दार कोण लावणार?

यातील एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर पक्षी आणण्याची घाई करू नये. विस्तार कार्यकर्त्यांनीही पक्षीगट वाटपापूर्वी लाभार्थ्याच्या परसात जाऊन हीच यादी तपासावी. वाटलेले पक्षी पुढच्या दिवाळीला जिवंत दिसतील की नाही, हे बरेचसे त्या भेटीवर ठरते.